स्वल्प ज्यास्ती

कमलक्कांना विकायला काढलेलं घर दाखवायला न्या, त्या ते घर सोडून बाकी सगळं बघतात. दलाल बिचारा किचनचे ड्रॉवर ओढून ओढून दाखवत असतो आणि या बाई कापडी पिशवीतून झाकणाची स्टीलची डबी काढून शेजारच्या दारात उभ्या. बेल वाजवायची, दार उघडलं की हसायचं आणि कन्नडमध्ये विचारायचं, "स्वल्प हेप्पु कोडतीरा?" म्हणजे, थोडं विरजण देता का? आम्ही आयुष्यभराची कमाई घालायला निघालेलो, आणि यांना दह्याचं विरजण हवंय.

मी पुण्याचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो आणि निपाणीच्या अमृताशी लग्न केलं, त्यात तिच्या या मावशी मला आंदण मिळाल्या. यजमान गेल्यापासून चामराजपेटात एकट्याच राहतात. अख्खी गल्ली त्यांना कमलक्का म्हणते. मी तोंडावर मावशी म्हणतो. मनात आणखीही बरंच म्हणतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इथल्या आपल्या मराठी मंडळींत त्यांचा लौकिक मोठा. घर घ्यायचंय? भाव बरोबर आहे का ते कमलक्कांना विचारा. बाई शेजारणीकडे विरजण मागायला जातात आणि डबीबरोबर त्या घराची कुंडली घेऊन येतात. बोअरवेल कधी आटली, टँकर कितीदा लागतो, मालक का विकतोय, वरच्या मजल्याचं पाणी कुणाच्या भिंतीत मुरतंय. दलालाच्या तोंडून जन्मात निघालं नसतं असलं सगळं. मी चिडलेलो असलो तरी खोटं बोलणार नाही, ही बाईंची अक्कल जबरदस्त आहे.

पण एवढं सगळं काढून आणल्यावर निकाल काय? ठरलेला. डबीचं झाकण घट्ट लावायचं, पिशवीत ठेवायची आणि म्हणायचं, "स्वल्प ज्यास्ती सांगायलेत."

घर कुठलंही असो, भाव कितीही असो, यांच्या मते थोडा जास्तच, स्वल्प ज्यास्ती! भाव बरोबर असला तर त्या "सरी", म्हणजे ठीक, म्हणतात, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्ष ऐकलेला माणूस मला अजून भेटायचाय. आणि माझी बायको कॉलेजची सगळी वर्षं मावशीकडे राहिलेली, त्यामुळे मावशी सरी म्हटल्याशिवाय ती टोकन देणार नाही. आमच्या घरमालकाचा मुलगा परदेशातून परत येतोय, आम्हाला घर खाली करायचंय, मुलीची शाळा जवळ हवी. त्या बाईला याचं काही आहे का?

पहिलं घर दाखवलं ते एचएसआर लेआउट भागातलं, नव्या टॉवरमधलं. शेजारच्या दाराला कॅमेरा. बेल दाबल्यावर दार उघडलंच नाही, आतून एका मुलीचा आवाज आला की आंटी, ऑर्डर करा ना, दहा मिनिटांत दही येतं. कमलक्का त्या कॅमेऱ्याकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि लिफ्टमध्ये दलालाला म्हणाल्या की या भावात निदान दार तरी उघडायला पाहिजे. दलाल माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं.

दुसरं यशवंतपूरच्या बाजूला. तिथल्या शेजारणीनं विरजण दिलं, उपीट दिलं, कॉफी दिली आणि बाई तिथंच रमल्या. मी, अमृता, दलाल आणि मालक असे चौघे रिकाम्या हॉलमध्ये एकमेकांची तोंडं बघत उभे. तासाभरानं बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी असतं आणि मालकावर त्याच्या सख्ख्या भावानं केस घातलीय. वाचलो म्हणायचं. तेव्हा मी मनापासून त्यांच्या पाया पडलो होतो, हेही नमूद करतो.

तिसरं घर मात्र असं, की त्यात खोट काढून दाखवावी कुणी. शाळेपासून चालत जाण्यासारखं, जुनी चार मजली बिल्डिंग, कागदपत्रं वकिलानं बघितलेली, नळाला कावेरीचं पाणी. आजूबाजूला चौकशी केली तर भाव सगळ्यांपेक्षा कमीच. शेजारी सेल्वी नावाची एक तमिळ बाई. तिनं डबी काठोकाठ भरून दिली, वर दोन गप्पा मारल्या. सगळं चांगलंच बोलली. कमलक्का बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळलेला. अमृतानं माझा हात धरला. मला वाटलं, आली घटका.

बाईंनी झाकण लावलं. चेहऱ्यावरचं सगळं तेज गेलं, आणि म्हणाल्या, "स्वल्प ज्यास्ती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिक्षात मी तोंड उघडलं असतं तर नातं संपलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन आला की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, संध्याकाळपर्यंत टोकन द्या नाहीतर राहू दे. अमृता म्हणाली, मावशीला विचार. मी म्हटलं, विचारतो ना, चांगलंच विचारतो. ऑफिसला दांडी मारली आणि थेट चामराजपेट गाठलं.

कमलक्कांचं घर बैठं, दोन खोल्यांचं. त्याला चिकटून दुसरं तसंच घर होतं म्हणे. आता तिथं प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोडाऊन आहे. दारात टेम्पो आडवा लावलेला, हमाल खुर्च्या उतरवत होते. अंग चोरून आत गेलो, तेवढ्यानं आणखी डोकं फिरलं.

त्यांनी बसा म्हटलं, मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सुनावलं. मुलीची शाळा, घरमालक, संध्याकाळची मुदत. म्हटलं, "मावशी, या एवढ्या मोठ्या शहरात तुम्हाला एकही घर बरोबर भावाचं दिसलं नाही?"

"दिसलं होतं की एक," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

त्यांनी गोडाऊनच्या बाजूच्या भिंतीकडे बोट केलं.

तिथं पद्मा राहायची. लग्न होऊन आल्यापासूनची शेजारीण. पद्माच्या नवऱ्याला एका गिऱ्हाइकानं त्यांच्या घराचा भाव सांगितला, तेव्हा तो कमलक्कांनाच विचारायला आला. त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली, विचार केला आणि सांगितलं की सरी, देऊन टाका. त्या नवराबायकोनं घर विकलं आणि मैसूरला मुलीकडे गेले.

"मग? कमी मिळाले का?"

"छे. भाव बरोबर होता की. एक रुपया इकडंतिकडं नव्हता." त्या पदरानं ओटा पुसायला लागल्या. पुसलेलाच ओटा होता तो. "माझं एकटीचं दही ते केवढं, जावई. दोन दिवस गावाला गेलं की आंबतंय. मग पद्माकडनं आणायचं, तिचं बिघडलं तर तिनं माझ्याकडनं. आता कुणाकडं मागू? खुर्च्यांकडं?"

चांगला घोकून आणलेला राग होता, तो कुठं ठेवावा कळेना. त्या टेम्पोवाल्याचा राग आला, त्या पद्माच्या नवऱ्याचा आला, त्या खुर्च्यांचा तर फारच आला.

त्यांनी मला बसवलं, पुढ्यात दहीभात ठेवला. सकाळच्या वेळी दहीभात! पण खाल्ला. दही घट्ट, गोडसर, सुरेख लागलेलं.

"सेल्वीच्या विरजणाचं आहे," त्या म्हणाल्या. माझं ताट रिकामं झालं तसे त्यांनी हात पुसले. मग कापडी पिशवीतून डबी काढली, लख्ख घासलेली, आणि माझ्यासमोर ठेवली.

"सरी," त्या म्हणाल्या. "भाव बरोबर आहे. घेऊन टाका. आणि ही डबी अमृताला द्या. शेजार चांगलाय, लागंल तिला."

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला? तुमचं घर झालं. आता मला कोण न्यायलंय घरं बघायला."

ज्या शब्दासाठी इतके दिवस जिवाचा आटापिटा केला, तो मिळाला होता. उठून मालकाला फोन करायचा तेवढा बाकी. पण मी त्या डबीकडे बघत बसलो आणि मला परत संताप आला. अशी कशी ही बाई, अधूनमधून येत जा, असं तोंड उघडून एकदा म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पुण्याच्या माणसाला गोड बोलता येत नाही, तेव्हा मी जसं येतं तसं बोललो, म्हणजे खेकसूनच.

"झालं कुठं? माझ्या ऑफिसातल्या एकाला घर घ्यायचंय. रविवारी बघायला जायचंय. मी तुमचं नाव सांगून बसलोय."

असा कुणीही नव्हता. म्हटलं, एवढ्या मोठ्या ऑफिसात रविवारपर्यंत एखादा मिळेल, नाहीतर धरून आणू.

कमलक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग डबी उचलली आणि हळूच पिशवीत परत ठेवली.

"किती सांगायलेत?"

मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला.

"स्वल्प ज्यास्ती," त्या म्हणाल्या, आणि मला आणखी डावभर दही वाढलं.