दादाजीभाऊ आणि पिक्चरमधली पत्रं

प्रेमाच्या पिक्चरमध्ये नायिका पत्र उघडते तेव्हा तुम्ही-आम्ही तिचे डोळे बघतो. आमचे शेजारी दादाजीभाऊ कागद बघतात.

"थांबव गा मास्तर!" झालं. मी रिमोट दाबायचा आणि भाऊंनी खुर्ची टीव्हीला चिकटवायची. "शंभर वर्सांपयलेचं पत्र म्हणते, अन् कागद पाह्य कसा पांढराफटक! तवा असा कागद होता काय?" बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये भाऊंची सारी नोकरी कागद तपासण्यात गेलेली. भजी आली तरी हा माणूस आधी खालचा कागद उजेडात धरून बघणार.

जुन्या कादंबरीवरचा पिक्चर असला की भाऊ आधी वाचनालयातून ती कादंबरी आणतात, वाचून काढतात आणि मांडीवर घेऊन बसतात. पुस्तकातली निळी शाल पिक्चरमध्ये मागच्या खुंटीवर दिसली, की माझ्या पाठीत थाप! "डायरेक्टरनं पुस्तक वाचलं आहे बरं!" दोन तासांचा पिक्चर आम्हाला चार तास पुरतो. माझी बायको तर पहिल्या पत्रालाच उठून स्वयंपाकाला लागते.

गेल्या रविवारी असंच. पिक्चरमधल्या बाईनं उत्तर लिहिलं आणि भाऊ ओरडले, "थांबव!" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही लग्न नाही केलं ते बरंच झालं. तुम्हाले प्रेमातलं काय समजते? कागदच पाहा!"

भाऊ रागावले नाहीत. पत्राच्या मागच्या बाजूला पुसट ओळी दिसत होत्या, तिकडे त्यांनी बोट दाखवलं. "ते लोणच्याची कृती आहे. पुस्तकातबी तसंच आहे. त्याचं पत्र भेटलं अन् हाताशी आला त्याच कागदावर तिनं उत्तर लिवलं."

मग न विचारताच सांगू लागले. राजुऱ्याची एक मुलगी होती, शाळेत शिकवायची. तिनं भाऊंना कळवलं होतं, घरचे दुसरीकडे ठरवून राहिलेत, तुमचं काय ते लवकर लिहा.

"मंग?"

"तिले साध्या कागदावर कसं लिवावं? नागपूरहून हातकागद मागवला. आठ दिवसांनी आला. तवरिक तिचं लगन ठरून गेलं. दोनच शब्द लिवाचे होते मास्तर. मी येतो."

कुठून मला ती दुर्बुद्धी सुचली! इतकी वर्षं शेजारी राहून मी या माणसाची नुसती थट्टा केली.

भाऊंनीच माझ्या हातातला रिमोट घेतला. "लावतो पुढं. तिचं पत्र वेळेवर पोचते. मले पाहाचं आहे."