बदलीचं रक्त

सन १९९७ च्या हिवाळ्यात सुरतेतल्या एका इस्पितळाने असा निर्णय घेतला, की जुन्या दमेकऱ्याला यापुढे बघायचं नाही. त्याचं रक्त बघायचं. डॉक्टर चुकतात, आजारी माणसं वाढवून सांगतात, रक्त मात्र खोटं बोलत नाही. रक्तातला सीआरपी नावाचा आकडा जास्त आला, तर रुग्ण 'गंभीर', त्याला ऑक्सिजन. कमी आला, तर 'आशादायक', त्याला रिक्षा. योजना डॉ. अविनाश यांची होती आणि तिच्यावर त्यांना दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचायचा होता.

सुरतेतल्याच नवागामच्या खानदेशी वस्तीतला लोटू सखाराम हा या योजनेतला एकेचाळिसावा रुग्ण. अठ्ठावीस वर्षं पॉवरलूमवरची सुताची धूळ छातीत साठलेली. थंडी पडली की दम उसळायचा. या खेपेला ओठ निळे पडले, तेव्हा बायको उषाबाई आणि शेजारचा भटू त्याला घेऊन आले.

रक्त दुसऱ्या मजल्यावर घेत. लिफ्ट होती, पण ती फक्त गंभीर रुग्णांसाठी, आणि गंभीर कोण हे रक्त दिल्यावर ठरे. लोटू पाच पायऱ्या चढला आणि सहावीवर बसला.

"तू बैस दादा, मी नंबर लावस," भटू म्हणाला आणि वर गेला.

भटू हा लोटूचा बदली. कारखान्यात लोटूला खोकल्याची उबळ आली, की त्याचे माग भटू चालवी. हजेरीपटावर नाव लोटूचंच. मुकादमाने "लोटू सखाराम" असं पुकारलं, की "हाजर" म्हणायची भटूच्या जिभेला सवय. वरच्या खिडकीतून तेच नाव पुकारलं गेलं. भटू म्हणाला, "हाजर." त्याची बाही वर करून सुई टोचण्यात आली. बदलीने प्रश्न विचारायचे नसतात, म्हणून त्यानेही विचारले नाहीत.

आकडा आला चार. अत्यंत आशादायक. भटू तेवीस वर्षांचा होता.

"अभिनंदन!" डॉ. अविनाश कागद वाचत म्हणाले. कागदापलीकडे, तळमजल्याच्या बाकावर लोटू घुसमटत होता.

"साहेब, हाई रगत यासनं नही शे," उषाबाई म्हणाली. "भटूनं शे."

"यासनं म्हणजे कोणाचं? नाव सांगा पेशंटचं."

उषाबाईने लग्नापासून नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. आता पदर सावरून, डोळे मिटून उच्चारलं, "लोटू सखाराम."

"मग कागदावर तेच आहे की!"

"दुसरांदा काढा ना साहेब रगत."

"दुसऱ्यांदा फक्त गंभीर रुग्णांचं काढतात."

"त्यासना ओठ तरी देखा!"

"बाई, फॉर्मवर ओठांचा रकाना नाही," डॉक्टर समजुतीने म्हणाले. त्यांनी भाकीत लिहिलं: 'तीस दिवसांनी रुग्ण कामावर असेल.' खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होत असताना, लोटू उषाबाईच्या मांडीवर गेला. शेवटपर्यंत तो तोंड उघडून हवा मागत होता. लिहिणाऱ्याला याचा संताप येतो, पण संतापाचाही रकाना नाही.

तिसाव्या दिवशी भाकीत पडताळायला इस्पितळाचा तपासनीस थेट कारखान्यात गेला. हजेरी चालू होती. शेठने लोटूचं नाव पटावरून काढलं नव्हतं, आणि ते निघालं असतं तर माग भटूच्या हातून दुसऱ्याला गेले असते. मुकादमाने पुकारलं, "लोटू सखाराम!"

"हाजर," भटू खाली मान घालून म्हणाला.

तपासनीसाने बरोबरची खूण केली. दिल्लीत निबंध गाजला. साठ रुग्ण, साठही भाकितं खरी. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या, असं म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, शिकलेली माणसं विचारतातच, की रक्त नवऱ्याचं नाही हे त्या बाईने वेळेवर सांगायला काय झालं होतं?

सांगितलं होतं. तुमच्या देखत सांगितलं. तेव्हा तुम्ही हसत होतात.