बी-चारचं सुतक

सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका गोदामात बी-चार या नंबरचा लोखंडी खांब सोमवारी सकाळी सुतकात गेला आणि त्याने भार उचलणं थांबवलं.

गोदामाच्या व्यवस्थापक वैजयंती खरोटे यांचा मला साडेनवाला फोन आला. त्या शेडचं डिझाइन माझं होतं, म्हणून अशा वेळी मलाच बोलावण्याची पद्धत होती.

"सर, बी-चार बसलाय," त्या म्हणाल्या.

"खचलाय?"

"नाही हो. खचला असता तर मी ठेकेदाराला फोन केला असता. सुतकात बसलाय. त्याचा भाऊ गेला."

मी जाऊन पाहिलं. खांब जागेवर सरळ उभा होता, पण त्याच्या माथ्यावरच्या तुळईखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली होती. बोल्ट होते, नुसते लटकलेले. मापक लावून पाहिलं. एरवी सव्वीस टन उचलणारा खांब शून्य दाखवत होता.

प्रकार असा झाला होता. फोर्कलिफ्ट चालवणारे लतीफभाई सकाळचा चहा बी-चारला टेकून घेतात. चहा पिता पिता त्यांनी नगरहून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरशी गप्पा मारल्या. नगरकडचं एक जुनं गोदाम रस्तारुंदीत पाडलं, खांब गॅसकटरने कापले आणि भंगारात गेले, असं ड्रायव्हरने सांगितलं. त्या गोदामातला एक खांब बी-चारचा सख्खा भाऊ होता. दोघेही जालन्याच्या एकाच भट्टीत, एकाच ओतीतून निघालेले.

"मला काय ठाऊक साहेब, ह्याचा भाऊ तिकडं असंल," लतीफभाई म्हणाले. "आपण आपलं बोलत होतो. एकदम पाठीमागचा आधारच गेला. चहा सांडला अंगावर."

"असू द्या, भाई," बी-चार म्हणाला. "कुणीतरी सांगणारच होतं."

मी त्याचं सांत्वन केलं. मग विचारलं, "भार कुणी घेतलाय?"

"शेजाऱ्यांनी. बी-तीन आणि बी-पाच म्हणाले, तू बस, आम्ही बघतो. सुतक असलेल्या घरात चूल पेटत नाही, साहेब. शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. तसंच हे."

मी हिशेब मांडला. बी-तीन आणि बी-पाच रायपूरकडचे, नात्यातले नव्हेत, पण अंगाने मजबूत. प्रत्येकी तेरा टन जास्तीचे गेले तरी ते पेलणार होते. आमच्या शास्त्रात गरजेपेक्षा दीडपट ताकद ठेवण्याचा नियम आहे. तो शेजारधर्मासाठी आहे असं पुस्तकात लिहिलेलं नाही, पण उपयोग त्याचाच होतो.

अडचण वेगळी होती. त्याच ओतीतले आणखी तीन खांब त्याच शेडमध्ये होते: बी-सात, सी-दोन आणि सी-नऊ. वर माळ्यावर इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचे ढीग होते. एक भाऊ बसला तर शेजाऱ्यांनी निभावलं असतं. चौघे एकदम बसले असते तर माळा खाली आला असता. खालून टेकू द्यायचे म्हटलं तर ते नेमके फोर्कलिफ्टच्या वाटेत येत होते, म्हणजे आधी माळा रिकामा करायला हवा होता. माळा रिकामा केला तर बॅटरीवाली कंपनी दुसरं गोदाम बघणार होती आणि तिच्यामागे तीस माणसांचं काम जाणार होतं.

"त्या तिघांना कळलंय का?" मी हळूच विचारलं.

"अजून नाही," खरोटे मॅडम त्याहून हळू म्हणाल्या. "गुरुजींना बोलावलंय."

मुळे गुरुजी दुपारी आले. त्यांनी शेड एकदा फिरून पाहिली, टोपी सारखी केली आणि विचारलं, "ओत एकच?"

"एकच."

"मग सगोत्र. दहा दिवस. वर जी आडवी तुळई आहे, ती कुठली?"

"भिलाईची."

"इथे आल्यावर जोडली? जोडणी वेल्डिंगची की नटबोल्टची?"

प्रश्नाचा रोख माझ्या लक्षात आला. वेल्डिंग असतं तर ती त्या घरात दिलेली सून, तिलाही दहा दिवस, आणि तिच्यावर आख्खं छप्पर.

"नटबोल्टची," मी म्हणालो.

"म्हणजे स्नेहसंबंध. स्नान पुरे."

लतीफभाईंनी पाइप लावून तुळईला स्नान घातलं. शेड बांधताना ठेकेदार वेल्डिंगसाठी हटून बसला होता आणि मी ऐकलं नव्हतं. त्या निर्णयाचं मला त्या दुपारी प्रथमच समाधान वाटलं.

"आणि बाकीचे तीन भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"त्यांना कळलंच नाही तर सुतक लागणार कसं?" गुरुजी म्हणाले. "बातमी कानावर पडली की सुरू. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं तर तीनच दिवस पाळायचं. तेव्हा सध्या कळू देऊ नका. नंतर एकेकाला वेगवेगळ्या आठवड्यात सांगा."

आजारी माणसापासून घरातली बातमी जशी लपवतात, तशी आम्ही ती लपवली. मॅडमनी फाटकावर फळा लावला: नगरकडच्या बातम्या बाहेर सांगून मग आत यावं. ड्रायव्हर फाटकाशी गाडी थांबवून रखवालदाराला सगळं सांगत आणि मोकळे होऊन आत येत. शेडमध्ये सगळे पाय न वाजवता चालू लागले. लतीफभाईंनी हॉर्न बंद केला आणि वळणावर नुसतं खाकरायला सुरुवात केली.

बुधवारी सी-नऊने मॅडमना थेट विचारलं. तो चौघांत थोरला.

"मॅडम, नगरच्या धाकट्याचं काही कळलं का?"

"बरा आहे की," मॅडम म्हणाल्या. "छप्पर बदलतायत तिथलं. म्हणून जरा गडबड आहे."

"पत्र्याचं?"

"पत्र्याचंच. निळं. वर पारदर्शक पट्ट्या टाकतायत म्हणे, उजेडासाठी."

"छान. त्याला उजेडाची आवड आहे," सी-नऊ म्हणाला.

मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, खोटं बोलायला सुरुवात केली की रंगसुद्धा सांगावा लागतो हो."

मी रोज संध्याकाळी मापक पाहायला जात असे. आकडा शून्यच असे, तरी पाहावा लागतो. एकदा मापक काढून ठेवताना मी बी-चारला हात टेकवला.

"तुमच्याकडे कधी झालं, साहेब?" त्याने विचारलं.

"काय?"

"तुम्ही पूर्वी हात टेकायचा तेव्हा नुसतीच बोटं टेकायची. आता अख्खं वजन टाकता."

"मार्चमध्ये," मी म्हणालो. "बायको."

"किती दिवस बसलात?"

"चौथ्या दिवशी चाकणला स्लॅब टाकायचा होता."

"हं," बी-चार म्हणाला. "टेका मग. मला सध्या दुसरं काही काम नाही."

दहाव्या दिवशी विधी झाला. बी-चारला नदीवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून नदीचं पाणी कॅनमधून आणलं. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे त्याचा जुना रंग पुरुषभर उंचीपर्यंत वायरब्रशने खरवडून काढला. लोखंड उघडं पडल्यावर गुरुजी म्हणाले, मुंडन झालं. बाकीच्या भावांना रंगकाम आहे असं सांगितलं होतं.

मागच्या अंगणात पिंड मांडला. कावळा लगेच आला, पण शेडच्या पन्हळीवर बसून राहिला. गुरुजींनी हाका मारल्या. कावळ्याने चोच पन्हळीला घासली आणि मान वळवली.

"काहीतरी इच्छा राहिली असणार," गुरुजी म्हणाले. "विचारा आत."

लतीफभाई आत जाऊन आले. "बी-चार म्हणतो, त्याला गंजाची फार भीती होती. मालकानं शेवटची सात-आठ वर्षं रंग लावला नव्हता."

मॅडम पुढे झाल्या. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, हात जोडले आणि पन्हळीकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या चारही भावांना रेड ऑक्साइडचे दोन हात. दर दोन वर्षांनी."

कावळा हलला नाही.

"आणि वर इपॉक्सी," मॅडम म्हणाल्या.

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

त्याच दुपारी बी-चार कामावर रुजू झाला. तुळईखालची फट मिटताना एकदाच कर्र असा आवाज झाला. मापक सव्वीसवर आलं. बी-तीन आणि बी-पाच काही बोलले नाहीत. रायपूरकडचे खांब एकूण कमीच बोलतात.

आता थोरल्याला सांगायचं होतं. मॅडम आणि मी सी-नऊपुढे जाऊन उभे राहिलो. मॅडम म्हणाल्या, "सी-नऊ, एक सांगायचं होतं. मन घट्ट करा. तुमचा नगरचा भाऊ—"

"गेला," सी-नऊ म्हणाला. "माहीत आहे."

"कधी कळलं?"

"सोमवारीच. बी-तीनवर भार सरकला, त्याचा धक्का सगळ्या शेडमध्ये येतो. बी-चार असा उगीच बसणाऱ्यातला नाही. आणि नगरला पाडकाम चाललंय, हे ड्रायव्हर लोक महिनाभर बोलतच होते. आम्ही तिघांनी काय ते ओळखलं."

"मग मी निळा पत्रा वगैरे सांगत होते तेव्हा..."

"ऐकून घेतलं. तुम्ही इतक्या मनापासून सांगत होता."

"पण मग तुम्ही बसला का नाही?"

"चौघेही बसलो असतो तर माळा कुणी धरला असता, मॅडम? खाली लतीफभाई गाडी फिरवत होते."

मी गुरुजींना फोन लावला आणि पेच सांगितला. तिघांना पहिल्या दिवशीच कळलं होतं, म्हणजे सुतक तेव्हाच सुरू झालं आणि दहा दिवसांनी संपलंही. पण ते बसले नाहीत. फोनवर पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"शास्त्राप्रमाणे फिटलं," गुरुजी शेवटी म्हणाले. "पण ज्याचं बसायचं राहिलं, त्याला नंतर बसू नको असं शास्त्रात कुठंही म्हटलेलं नाही. एकेक करून बसू द्या. तीन दिवस पुरेत."

मॅडमनी शेडमधल्या गाड्यांच्या फळ्यावर पाळ्या लिहिल्या. एका वेळी एक, शेजाऱ्यांना विचारून. पहिल्या आठवड्यात सी-नऊ, मग बी-सात, मग सी-दोन. त्या खडू ठेवायला लागल्या तेव्हा सी-नऊ म्हणाला, "त्याच्याखाली साहेबांचं नाव लिहा."

"माझं कशाला?" मी म्हणालो. "माझी तीन कामं चालू आहेत."

"तुमचा भार कुणाकडे जाईल?"

मी विचार केला. "ऑफिसात एक ज्युनिअर मुलगी आहे, हुशार आहे. आणि घरी माझा मुलगा."

"मुलगाही त्याच घरातला. त्याला धरू नका, तोही बसलेला नसेल," सी-नऊ म्हणाला. "दुसरं कुणी?"

"मी बघते," मॅडम म्हणाल्या आणि माझ्या नावापुढे मुलाचंही नाव लिहिलं.

आमची पाळी सी-दोन उठल्यावर आली. सोमवारी मी आणि मुलगा घरी बसलो. दुपारी लतीफभाई मॅडमनी दिलेला पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आले. ते थोडा वेळ बसले, पाणी प्यायले. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "सी-नऊनं विचारलंय, छप्पर ठीक आहे ना."

मी वर पाहिलं. मुलानेही पाहिलं.

"ठीक आहे म्हणावं," मी म्हणालो.