दहा मीटरच्या आत

गफूरभाईंनी एकदा लग्नाच्या पंगतीत टेप काढला होता. आपल्यापर्यंत भात उशिरा येतो असं त्यांचं म्हणणं आणि आचारी ते मानायला तयार नव्हता. तेव्हा त्यांनी भाताच्या गंजापासून स्वतःच्या पत्रावळीपर्यंतचं अंतर मोजून दाखवलं. साडेसतरा मीटर! "मोजल्याबिगर बोलू नये, मास्तर," असं मला सांगून ते टेप गुंडाळून जेवायला बसले. नवरीकडचे लोक अजून त्यांना ओळखतात.

कोळशाच्या खाणीत सर्व्हेवाल्यांबरोबर टेप ओढण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होताना ऑफिसचा टेप परत द्यावा लागला, तर संध्याकाळी यांनी बाजारातून स्वतःचा आणला. पुढे आमच्या घुग्घुसला बदलून आलेल्या एका तरुण इंजिनिअरने डिस्क गोल्फ नावाचा खेळ आणला. ताटलीसारखी प्लास्टिकची डिस्क फेकत फेकत न्यायची आणि खांबावरच्या लोखंडी टोपलीत पाडायची, शक्य तितक्या कमी फेकींत. इंजिनिअर वर्षभरात बदलून गेला. खेळ राहिला, कारण त्यात मोजायला भरपूर होतं. टोपल्या गफूरभाईंनीच वेल्डिंग करून घेतल्या, वर डिस्क अडवायला मोटरसायकलच्या जुन्या चेनी लोंबत्या सोडल्या.

दर रविवारी सकाळी कॉलनीमागच्या मैदानावर आम्ही तिघं जमायचो. गफूरभाई, दवाखान्यातल्या शोभा सिस्टर आणि मी, शाळामास्तर.

खेळाचा एक नियम गफूरभाईंना जीव की प्राण. टोपलीपासून दहा मीटरच्या आतून फेकलं की तो पट. अलगद टाका नाहीतर भिरकावून द्या, दहाच्या आत असलात तर पटच. आणि पट मारल्यावर जागेवर तोल सावरून दाखवायचा. त्याआधी टोपलीकडे पाऊल पडलं की एक फेक जास्तीची. दहाच्या बाहेरून मारलं तर मात्र फेकीच्या जोरात खुशाल पुढे जा, कोणी काही म्हणत नाही.

मी पडलो उतावळा. डिस्क सुटली की तिच्यामागे मीही सुटतो.

"थांबा मास्तर! तोल कुठी दिसला?"

"दिसला की!"

"मले नाई दिसला. कोंबडीवानी काऊन पळून राह्यले? लिवा एक."

तीन वर्षं मी हे 'लिवा एक' ऐकत होतो. शाळेत चाळीस पोरं मला घाबरतात आणि इथे हा माणूस मला कोंबडी म्हणतो!

गंमत म्हणजे गफूरभाई स्वतः पट मारायचेच नाहीत. त्यांची डिस्क नेहमी अकरा-बारा मीटरवर येऊन थांबायची. मग टेप लावायचा, "बाहेर आहे" म्हणून समाधानाने मान हलवायची, फेकायचं आणि तीन पावलं धडपडत पुढे जायचं.

"गफूरभाई, टोपली चावते का हो?" मी विचारायचो.

"जवळून तं कोणीबी मारते," ते छाती फुगवून म्हणायचे.

एकदा तर अशा धडपडीत त्यांची डावी चप्पल मागेच राहिली आणि हे बाभळीच्या काट्यांतून अनवाणी टोपलीपर्यंत गेले. यांना पत्ताच नाही! मी हसून हसून खाली बसलो. सिस्टर हसल्या नाहीत. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं, पण आमची अक्कल गहाण पडलेली.

या हिवाळ्यात वरोऱ्याहून चार खेळाडू आले आणि आम्ही स्पर्धा ठेवली. बक्षीस एक स्टीलचा डबा. शेवटच्या टोपलीला मी आणि गफूरभाई बरोबरीत होतो. त्यांची डिस्क बाभळीच्या फांदीला लागून टोपलीजवळ पडली. त्या दिवशी त्यांनी टेप काढला नाही. घाईने मारली, चेनी खणखणल्या, डिस्क टोपलीत पडली आणि गफूरभाई दोन पावलं पुढे कोलमडले.

"पट!" मी ओरडलो. "तोल दिसला नाही!"

"बाहेर असन," सिस्टर पटकन म्हणाल्या. "जाऊ द्या ना, मास्तर."

मी जाऊ दिलं नाही. चक्क गफूरभाईंच्या खिशात हात घालून टेप काढला आणि सगळ्यांदेखत मोजलं. नऊ मीटर चाळीस.

त्यांनी माझ्या हातातून टेप घेऊन नीट गुंडाळला. मग हळूच म्हणाले, "पटच होता. लिवा एक."

डबा मला मिळाला. परतताना सिस्टर म्हणाल्या, "शुगरनं त्यायचा डावा पाय सुन्न झाला आहे. खाली जमीन आहे का नाई, तेबी समजत नाई त्यायले. कोनाले सांगू नोका म्हणे, म्हणून मी चूप होती."

भर उन्हात मी गार पडलो. दोन रविवार गफूरभाई आले नाहीत. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. भाभींनी चहा दिला. मी खाली मान घालून माफी मागायला लागलो, तर ते मलाच म्हणाले, "चुकलं माझंच, मास्तर. तीन साल दहाच्या बाहेर लपत होतो मी. आन् तुमाले कोंबडी म्हणत होतो."

"आपण तो नियमच सोडून देऊ," मी म्हणालो. "तिघंच तर असतो."

"खबरदार!" ते गरजले. मला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या रविवारी ते आले. पहिलीच डिस्क त्यांनी सरळ टोपलीजवळ टाकली, सहा मीटरवर. "मास्तर, इकडे या जरासे." मी गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात प्रथमच आमच्यासमोर मुद्दाम पट मारला. डिस्क आत गेली. हात तसाच राहिला.

"दुसऱ्याच्या आधारानं तोल नाई धरल्या जात. लिवा एक."

मी लिहिलं. नऊ टोपल्यांना नऊ वेळा त्यांनी माझा खांदा धरला आणि नऊ वेळा मला लिहायला लावलं. शेवटी शेवटी मला वर बघवेना. लाजेने मान खाली गेली, खांदाही झुकला असावा.

"सरळ उभे राहा ना, मास्तर," गफूरभाई म्हणाले. "तुमी हलले तं मी पडन."