पाखऱ्याची दृष्ट

"दुकानातली मिरची मंजी नुसता रंग! तिच्यानं बैलाची दृष्टसुदिक निघायची न्हाई!"

छबुबाई हप्ताभर साऱ्या तळाला हेच ऐकवत होती. सहकारी साखर कारखान्याचा तळ, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्यांना लागून कोप्या, आणि त्यात शिरूर कासारच्या या बाईचा तोरा! तोऱ्याला कारणही होतं. कोपीच्या कुडाला चिंधीत बांधलेल्या चार वाळक्या मिरच्या टांगल्या होत्या. तिच्या आईचं वाण. आई गेली, दुष्काळात झाडंही वाळून गेली. उरलं ते एवढंच. इथं पाणी आहे, तर फुटक्या घमेल्यात बी लावायचं आणि नवं बी घेऊनच गावी परतायचं, असा तिचा बेत होता.

एका दुपारी ती पाण्याला गेली आणि इकडे पाखऱ्या बैलानं वैरणीवरनं तोंड फिरवलं. नवरा मुंजाजी हबकला. बैल बसला की गाडी बसली! दृष्टच लागली, दुसरं काय? मीठ-मोहरी घरात होतीच. मिरच्या दुकानातून आणाव्यात, तर बायकोचं बोलणं आठवलं. मग शहाण्या माणसानं काय करावं? त्यानं चिंधी सोडली!

मूठ ओवाळताना पाखऱ्यानं मान झटकली. मुंजाजीनं कशीबशी मूठ आवरली आणि चुलीत टाकली. मग जो ठसका उठला! शेजारची भिवराबाई शिंकत बाहेर, मुकादम खोकत बाहेर, पाखऱ्या दावं तोडून थेट उसात!

छबुबाईला वास लांबूनच ओळखू आला. हंडा टाकून ती पळत आली.

"आईची मिरची कावून जाळली?"

"तूच मनली व्हतीस, दुकानातलीनं दृष्ट निघत न्हाई!"

ती मटकन खाली बसली. आई मिरच्या भाजायची तेव्हा घरभर असाच ठसका उठायचा, आणि आई नाकाला पदर लावून हसत राहायची. छबुबाईला रडू आवरेना. सगळ्यांच्याच डोळ्यांना धार लागलेली, त्यामुळं कुणाला कळलं नाही. मुंजाजीला तेवढं कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

काही दिवसांनी पाखऱ्याच्या दावणीशी, पाणी सांडायचं तिथं, हिरवे कोंब दिसले. मान झटकली तेव्हा एक मिरची खुराखाली गेली होती! छबुबाईनं एकेक रोप जपून घमेल्यात लावलं. "आली गं माजी आय!" असं म्हणत ती पुन्हा रडली, यावेळी ठसक्याशिवाय.

"रोपं लई जोमात हायत की!" भिवराबाई बघून म्हणाली. ती वळते न वळते तोच छबुबाईनं नवऱ्याला हाक मारली.

"अवं, दुकानातून चार मिरच्या आणा. रोपांची दृष्ट काढायचीय."

"पर दुकानातल्या मिरचीनं तर..."

"निघती! गुमान जावा!"