आजोबांचा जन्म रद्द

काळ कुणासाठी थांबत नाही, असं म्हणणाऱ्यांनी कधी मालिका चालवलेली नसते. मालिकेत काळ थांबतो, मागे जातो आणि जाहिराती संपेपर्यंत मुकाट ताटकळतोही. ही कालप्रवासाची मालिका बावीस वर्षं चालू होती (पडद्यावर तीनशे वर्षं), आणि एवढ्या काळाला शिस्त लावायचं काम स्टुडिओच्या जिन्याखालच्या खोलीत बसून वहीबाई एकट्याच करायच्या.

त्यांच्या जाड वहीतले नियम अगदी शास्त्रशुद्ध. नायकाने भूतकाळात स्वतःला भेटू नये, नाहीतर विश्व नष्ट होतं (एकाच नटाला दोनदा उभं करायचं म्हटलं की कॅमेरावाले कुरकुरतात). तीनशे वर्षांपलीकडे जाता येत नाही (पोशाख नाहीत). मेलेलं पात्र परत येऊ शकतं, नट मोकळा असेल तर. प्रेक्षकांचा धाक तर विचारूच नका. नायकाचं घड्याळ एकदा डाव्या मनगटावरून उजव्यावर गेलं, तर तीन हजार चारशे अकरा पत्रं आली. असा चाणाक्ष प्रेक्षक ज्या समाजाला लाभतो, त्याला काळजी कसली?

घोडं अडलं ते आजोबांपाशी. आजोबा म्हणजे कालयंत्र शोधणारे शास्त्रज्ञ, नायकाचे आजोबा. ते काम करणारे नट बावीस वर्षांत साऱ्या स्टुडिओचेच आजोबा झाले होते. हल्ली संवाद विसरायचे, म्हणून त्यांना काढायचं ठरलं. पण पात्र मारायचं म्हणजे खटाटोप: आजारपणाचे चार भाग, रडणारी सून, वर नटाचा सत्कार. निर्मात्यांनी सुटसुटीत उपाय काढला. नायक भूतकाळात जाईल, त्याच्या हातून पणजोबांची गाडी चुकेल, पणजीशी गाठच पडणार नाही आणि आजोबा जन्मणारच नाहीत. जो जन्मलाच नाही, त्याला निरोप द्यावा लागत नाही. सुसंगती म्हणून जुन्या भागांतूनही त्यांना वगळायचं.

आजोबा वहीबाईंच्या खोलीत येऊन बसले.

"पोरी, मेलो असतो तर काही म्हणणं नव्हतं. पण नातवंडांना दाखवायला एखादा तुकडा तरी राहील ना गं?"

वहीबाईंनी वही पुढे ओढली. "बघते, आजोबा. वहीत सापडेल काहीतरी."

सापडलंही. बैठकीत त्यांनी वही उघडून विचारलं, "आजोबा नाहीत, मग यंत्र बनवलं कुणी?"

"कुणीच नाही," लेखक म्हणाला. "ते भविष्यातून आलं. भविष्यात आपल्याकडूनच गेलं."

"आणि आजोबांशिवाय नातू?"

"त्याला नियम लागत नाहीत. तो लोकप्रिय आहे."

वहीबाईंनी हुकमाचं पान टाकलं. "लोक विचारतील, आजोबा कुठे गेले म्हणून."

निर्माते गालात हसले. "एक जरी पत्र आलं, तर आजोबा परत. आजारपण, सत्कार, सगळं साग्रसंगीत. जुने भागही जिथल्या तिथे." (ठराव अकरा मिनिटांत मंजूर.)

वहीबाई निर्धास्त झाल्या. घड्याळासाठी शाई आटवणारी माणसं अख्ख्या आजोबांसाठी गप्प बसतील होय? त्यांनी पत्रांसाठी पोतं मागवून ठेवलं.

भाग दाखवला गेला आणि पोतं भरलं. नऊशे दोन पत्रं नायकाच्या शर्टाच्या बटणाबद्दल होती. सहाशे पत्रांत पणजोबांच्या गाडीची शिट्टी त्या काळाची नसल्याचं सप्रमाण दाखवलं होतं. एका गृहस्थांनी आकृतीही काढली होती. वहीबाईंनी एकूण एक पत्र दोनदा वाचलं, पाकिटांत बोटं घालून पाहिली. आजोबांबद्दल एक शब्द नाही. एक पत्र आपणच खरडावं, असंही त्यांच्या मनात आलं, पण कर्मचाऱ्यांची पत्रं धरली जात नाहीत (नियम नववा, त्यांच्याच अक्षरात).

सोमवारपासून आजोबा यायचे बंद झाले. आता ते एकट्या वहीबाईंना आठवतात, आणि कार्यालयाच्या दृष्टीने ही चूक असून ती दुरुस्त व्हायची आहे.

तुम्ही अर्थातच असे प्रेक्षक नाही. तुमचं लक्ष चौफेर असतं. तुमच्या जिन्यात रोज भेटणारे, तुम्हाला वाट द्यायला पिशवी सावरत भिंतीला टेकून उभे राहणारे ते म्हातारे गृहस्थ आठवतात ना? ते कधीपासून दिसले नाहीत, तेवढं फक्त सांगा.