स्क्रूचे दोन फेरे

उतारावर पोस्टमन मला मागे टाकून गेला, तोही पायी, तेव्हाच मी ठरवलं की गाडीचा हा भित्रेपणा घालवायचा.

गाडी म्हणजे आमची जाड्या टायरांची, डोंगरावर चढणारी चारचाकी फटफटी. घर आणि कोंबड्या टेकडीच्या डोक्यावर, बेकरी पायथ्याला. मी पुढे, बायको मागे, तिच्या मांडीवर अंड्यांचे चार ट्रे. चढाला गाडी वाघ. उताराला मात्र इंजिनच तिला धरून ठेवतं, कुणी मागून सदरा ओढावा तसं.

जावईबापूंचं गॅरेज पायथ्यालाच आहे. (मुलगी दिली तेव्हाच दुरुस्तीचा विचार केला होता.) त्यांना विचारलं.

"बाबा, इंजिन धरतं ते बरंच आहे. नाहीतर ब्रेक तापतील."

"जरासं कमी धरलं तर?"

"मग रेसचा स्क्रू पाव फेरा फिरवा. पावच हं."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातही पाव शिकवला त्या दिवशी मी टेबलाखाली बसून मास्तरांच्या वहाणा एकमेकींना बांधत होतो. मी दोन फेरे फिरवले.

निघताना बायको म्हणाली, "अहो, मागच्या खेपेला सहा फुटली. आज एक जरी फुटलं तर किल्ली माझ्याकडे. कायमची."

"मंजूर," मी म्हणालो.

पहिल्या वळणापर्यंत नुसती मजा. पोस्टमनला ऐटीत हात केला. पुन्हा वळून पाहिलं तर तो मुंगीएवढा.

"अहो, काहीतरी जळतंय."

"पोस्टमन जळतोय."

"रबर जळतंय. बंद करा गाडी."

"तेच करतोय." (मी हॉर्न दाबत होतो.)

ब्रेक कधीच हात टेकून बसले होते. मी इंजिनाला विनवलं, बाबा रे, धर आता. पण ते मोकाट, आणि सोडणारा मीच. बेकरी मागे पडली, गॅरेजचं फाटक आलं आणि आम्ही जुन्या टायरांच्या ढिगात घुसलो. बायको डोळे मिटून, चारही ट्रे डोक्यावर धरून बसलेली.

अंडी मोजली. एकशे वीसच्या एकशे वीस शाबूत.

तेवढ्यात पोस्टमन धापा टाकत आला. मी एक अंडं उचलून त्याच्या नाकासमोर नाचवलं. "बघून ठेवा. याला म्हणतात ड्रायव्हर." आणि आनंदाच्या भरात मूठ आवळली.

बायकोने हात पुढे केला. किल्लीवरचा बलक पुसून मी ती त्यावर ठेवली.

चौथ्या दिवशी गोड बोलून मागितली, गाडी पुसायचीय म्हणून. तिने लगेच दिली. केवढं मोठं मन, म्हणत मी गाडीवर चढलो, बटण दाबलं. गाडी नुसती फुसफुसली. वाकून बघतो तर प्लगच जागेवर नाही.

"माझ्या पर्समध्ये आहे," दारातून बायको म्हणाली. "जावयांनी शिकवलं काढायला. पुसून झाली की या आत."

मग मी पुसली. (चारही चाकं. आतूनसुद्धा.)